सर्च इंजिनमुळे रोजची माहिती शोधण्याची पद्धत नेमकी कशी बदलली?

आपण विचारले आहे की गूगल येण्याआधी लोक रोजच्या लहानसहान गोष्टींची माहिती कशी मिळवत आणि सर्च इंजिनमुळे त्यात काय फरक पडला. वेग वाढला हे तर उघडच आहे. मला त्याहून मोठा वाटणारा फरक असा की पूर्वी प्रश्न माणसाला, पूर्ण वाक्यात आणि आपल्या भाषेत विचारला जाई. सर्च इंजिनने मराठी माणसाला त्याच प्रश्नाचे दोन-तीन सुटे शब्द करायला, आणि तेही बहुधा रोमन लिपीत लिहायला लावले.

पूर्वी कोणती माहिती कुठे मिळेल हे ठरलेले असे. तिथी आणि सणवार ‘कालनिर्णय’मध्ये, दूरध्वनी क्रमांक डिरेक्टरीत किंवा १९७ वर, गाड्यांच्या वेळा रेल्वेच्या वेळापत्रकात. रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे असेल, तर तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या अर्ज लिहिणाऱ्याला गाठावे लागे. तो पैसे घेई, हे खरे. पण ‘माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणलाय का?’ असे उलट विचारीही, आणि आपल्याला काय विचारायला हवे होते हे पुष्कळदा त्या उलट प्रश्नातूनच कळे.

सर्च इंजिनचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, तशी ते कोट्यवधी पानांची सूची आधीच करून ठेवते आणि आपण लिहिलेले शब्द तीत पाहते. १९९५ साली आलेल्या अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनचा भर शब्दांच्या जुळणीवर होता. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणत्या पानांनी दुवा दिला आहे यालाही वजन दिले, त्यामुळे उपयोगी पाने वर येऊ लागली.

मात्र ही सूची मराठीच्या बऱ्याच काळ उपयोगी पडली नाही, आणि या मुद्द्याकडे सहसा दुर्लक्ष होते. त्या काळी मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टंकित होई. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या, कामात मी हे रोज पाहिले आहे. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे, त्यामुळे तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नुसती खिचडी दिसे. सर्च इंजिनला दिसे तीही हीच खिचडी. वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर मराठी मजकूर होता, पण मराठी शब्द देऊन तो सापडत नसे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत, देवनागरी १९९१ पासूनच होती. छापखाने, कचेऱ्या आणि वृत्तपत्रे युनिकोडकडे वळायला मात्र फार वेळ लागला, आणि तोवर रोमन लिपीत शोधण्याची सवय पक्की झाली. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो, त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारा शब्द साध्या शोधयंत्राला दोन वेगळे शब्द वाटू शकतो.

२०१७ साली गूगलने मराठीत बोलून शोधण्याची सोय दिली, आणि ज्यांनी कधी कळफलकाला हात लावला नव्हता अशी वडीलधारी माणसे फोन तोंडाजवळ धरून ‘पीक विम्याला काय काय कागद लागतात?’ असे सबंध वाक्य विचारू लागली. उत्तर मात्र पुष्कळदा ज्यावर तारखेचा पत्ता नाही अशा एखाद्या खासगी पानावरून येते. छापील वेळापत्रकावर निदान साल तरी असे. मूळ शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर असतो, परंतु तो पीडीएफमध्ये असतो आणि तिच्यातली देवनागरी यंत्राला अनेकदा नीट वाचता येत नाही; म्हणून निर्णयावर छापलेला संकेतांक हाती असेल, तर त्याच संकेतस्थळावर तो टाकून शोधावे.