पूर्वेतिहास ठाऊक नसतानाही

प्रश्न : मी परिचारिका आहे. एका मध्यमवयीन बाईंच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि तो आवळू लागताच त्यांनी हात हिसकावून घेतला, मला ढकलले आणि नंतर कितीतरी वेळ त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. केसपेपरवर ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा पडला. त्यांनी अनेक वर्षे मारहाण सोसल्याचे त्यांच्या बहिणीने मला नंतर सांगितले. मानसिक आघाताचे भान ठेवून शुश्रूषा करा, असे आम्हाला शिकवतात. पण प्रत्येकाचा पूर्वेतिहास कसा कळणार? आणि अशा रुग्णाला खंबीर कसे करायचे?

उत्तर : पूर्वेतिहास कळण्याची गरजच नाही. रक्त हाताळताना आपण प्रत्येकासाठी हातमोजे घालतो, कोणाला संसर्ग आहे हे कळण्याची वाट पाहत नाही. इथेही तेच धोरण हवे. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात निम्म्याहून अधिक लोकांनी बालपणातील छळ, घरातील हिंसा किंवा व्यसन यांसारखा किमान एक तरी अनुभव नोंदवला होता. म्हणजे असे रुग्ण अपवादाने येतात, हा समजच चुकीचा आहे.

त्या बाईंनी हात हिसकावला तो विचार करून नव्हे. धोक्याची खूण ओळखणारी मेंदूतील यंत्रणा विचाराच्या आधी शरीराला हलवते, आणि दंडावरची आवळ ही त्यांच्या शरीरासाठी जुनी, ओळखीची खूण असू शकते. म्हणून पुढच्या वेळी पट्टा आधी त्यांच्या हातात द्या, तो थोडा वेळ घट्ट होईल आणि मग सैल पडेल हे सांगा, कोणत्या हाताला बांधू ते विचारा, आणि ‘थांबा म्हणालात की मी लगेच हवा सोडीन’ असे म्हटले असेल तर पहिल्याच शब्दाला खरोखर सोडा. एवढे एक वचन पाळले गेले, तरी आपल्या शरीरावर आपलाच अधिकार आहे हे त्यांना अनुभवता येते. बहिणीने सांगितलेले मात्र त्यांच्यासमोर काढू नका; आणि ‘मन मोकळे करा, सगळे सांगून टाका’ असा आग्रहही धरू नका. एकाच बैठकीत घटना वदवून घेतल्याने पुढचा त्रास टळतो, असे संशोधनात आढळलेले नाही.

‘खंबीर करणे’ या शब्दांविषयी मला थोडी काळजी वाटते, कारण त्यातून दोष नकळत रुग्णावर येतो. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम, आपुलकी असलेली प्रौढ माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात पालक, आजी किंवा शिक्षक असे किमान एक तरी भरवशाचे माणूस होते. सावरण्याची ताकद अशी नात्यातून येते. आपल्या पाळीत तुम्ही सांगितलेल्या वेळी येता, नावाने हाक मारता, हे म्हणूनच क्षुल्लक नाही. दुःस्वप्ने किंवा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर घडत असल्याचा भास महिनाभरानंतरही सुरू राहिला, तर मात्र त्यांच्या संमतीने मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. यावर परिणामकारक उपचार आहेत.

आणि तो शेरा तेवढा बदलून घ्या. त्यांना विचारून, कारणाचा उल्लेख न करता, तिथे लिहा : ‘पट्टा बांधण्यापूर्वी सांगावे. त्यांनी थांबा म्हटल्यास थांबावे.’