मामाची जुनी सॅन स्टॉर्म आहे. हौशी रोड रेसिंगला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मालवणला राहता, मामाची स्टॉर्म (कापडी छताची छोटी स्पोर्ट्स कार) दहा वर्षं शेडमध्ये उभी आहे, 'इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतं' आणि आता रोड रेसिंगमध्ये उतरायचंय. इंजिन चालू होतं हे तुम्ही दोनदा लिहिलंत. ब्रेकबद्दल एक अक्षर नाही. म्हणून मी लिहायला बसलो, नाहीतर इथे मी नुसता वाचतो.

रोड रेसिंग म्हणजे बंदिस्त सर्किटवरची शर्यत, रत्नागिरीजवळचा आरे-वारेचा रस्ता नव्हे. हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण आमच्याकडच्या पोरांना नसतं, म्हणून लिहिलं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. किनाऱ्यावरच्या वाळूचं तर नावच नको. भरतीत रुतलेल्या गाडीला जेसीबी लावून काढताना पाहिलंय मी.

आता माझी गोष्ट. माझं गाव पावसजवळ, आंब्याची बाग. २००१ ची मारुती एस्टीम घेतली होती, दादा आणि मी निम्मे निम्मे पैसे घालून. २०१४ च्या डिसेंबरात, मोहोराची फवारणी सुरू व्हायच्या आत, कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे होता. शर्यत नाही, ट्रॅक डे. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, आपल्याच गाडीने फेऱ्या मारायच्या. आंबा घाटातून कोल्हापूर, मग बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम. हजारावर किलोमीटर, मागच्या सीटवर दोन जादा चाकं आणि आईने दिलेला लाडवांचा डबा.

निघायच्या आदल्या आठवड्यात मांगरात, म्हणजे बागेतल्या शेडमध्ये, गाडी जॅकवर घेतली. नवे ब्रेक पॅड टाकले, ब्रेकची हवा काढली. ब्रेक ऑइल कमी पडलं तेव्हा दादाने फडताळातली अर्धी बाटली काढली. पिकअप गाडीसाठी जूनमध्ये फोडलेली, झाकण नुसतं टेकवलेलं. मी म्हटलं, नवीन आणू. दादा म्हणाला, "डॉट ४ च आहे, वाच. अर्धी बाटली काय समुद्रात ओतू?" आता कोकणातल्या घरात अर्धी उरलेली कुठलीही बाटली टाकून द्या म्हणणाऱ्या माणसाकडे कसं बघतात ते तुम्हाला सांगायला नको.

बाटलीवर डॉट ४ (हा ऑइलचा दर्जा) होतं, हे खरंच. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तोच आकडा १५५ वर येतो. आणि ती बाटली अख्खा पावसाळा पावसच्या मांगरात, जिथे मीठ डब्यात पाणी होतं आणि चामड्याच्या चपलेला बुरशी धरते.

करीचं सर्किट जेमतेम २.१ किलोमीटरचं. लहान, म्हणजे वळणं पाठोपाठ, म्हणजे ब्रेकला थंड व्हायला उसंत नाही. पाच फेऱ्या स्वर्ग. सहाव्या फेरीत पेडल जरा मऊ लागलं. स्पंजावर पाय द्यावा तसं. मी मनात म्हटलं, नवे पॅड आहेत, बसतायत. सातव्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय दिला आणि पेडल थेट फरशीला जाऊन टेकलं. पुन्हा मारलं, तरी काही नाही. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात टाकली, हँडब्रेक ओढला, गाडी आडवी होत ट्रॅक सोडून लाल मातीत गेली आणि तोंड उलटं करून थांबली. बंपर लोंबत होता, बाकी काही नाही. माझे गुडघे मात्र मशीनवर बसल्यासारखे हलत होते.

दादा धावत आला. बरा आहेस का हे नंतर. पहिलं वाक्य, "ब्रेक मारलासच नाहीस."

गाडी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करतात तिथे, आणेपर्यंत अर्धा तास गेला. दादाने स्वतः बसून पेडल दाबलं. दगडासारखं कडक. चार लोकांसमोर पेडल दाबून दाखवलं त्याने. "बघा. ब्रेक आहे. यालाच मारता आला नाही."

हीच ती खोच. ऑइल उकळतं तेव्हा पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल परत जवळजवळ होतं तसं. पुरावा आपोआप पुसला जातो. मी संध्याकाळी गावात जाऊन सीलबंद डबा आणला, चारही चाकांतून जुनं ऑइल काढून टाकलं (रंग चहासारखा होता, दादा म्हणतो तो सगळ्यांचाच असतो), आणि दुसऱ्या दिवशी त्याच पॅडवर दहा फेऱ्या मारल्या. पेडल शेवटपर्यंत वर. दादाचं म्हणणं काय? "आज भिऊन लवकर मारत होतास."

तेव्हापासून दर गणपतीत चाकरमानी जमले की आरतीनंतर ही गोष्ट होते. माझ्या पुतण्यांना वाटतं काकाला ब्रेकचं पेडल सापडत नाही. तर आता इथे लिहून ठेवतो: ब्रेक मारला होता. दोनदा.

तुमच्या गाडीकडे येतो. दहा वर्षं उभी असलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल म्हणजे पाणी समजा. नुसतं बदलू नका, रबरी पाइप, ब्रेक सिलिंडरच्या किट सगळं नवं. पेट्रोलचे रबरी पाइपही. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, ३२१३ म्हणजे २०१३ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असली तरी ते टायर फेकून द्या. स्टॉर्मची बॉडी फायबरची, त्यामुळे वरून पत्रा सडल्याचं दिसत नाही आणि माणूस फसतो. खाली लोखंड आहे आणि मालवणची खारी हवा खालूनच खाते. गाडी वर घ्या, हातोडीने ठोकत जा. ठण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर तिथे पुट्टी किंवा गंज.

आणि खरं मत सांगू? स्टॉर्म शर्यतीत उतरवू नका. आत रेनोचं ११४९ सीसी इंजिन, ताकद साठ बीएचपीच्या आसपास. ताकद कमी म्हणून नव्हे, ती उलट शिकायला बरी. करी सर्किट ज्यांच्या नावाने आहे त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या इंजिनावर शर्यतीच्या गाड्या बांधल्या, त्यांवर कितीतरी जण शिकले. अडचण सुट्या भागांची आहे. पुढचा फायबर फुटला तर कुठून आणाल? शिवाय छत कापडी, म्हणजे उलटली तर तुमचं डोकं हेच छत. मामाची आठवण म्हणून तिला संध्याकाळी तारकर्लीपर्यंत न्या.

रेसिंगसाठी जुनी एस्टीम शोधा. १२९८ सीसी, एमपीएफआय (इंजेक्शनच्या) मॉडेलला ८५ बीएचपी, वजन नऊशे किलोच्या आत. वर्षानुवर्षं आपल्याकडच्या ट्रॅकवर आणि रॅलीत ती पळाली, त्यामुळे तिची नाडी ओळखणारे मिस्त्री आहेत. फ्री-फ्लो सायलेन्सर वगैरे सुचवणाऱ्या मित्राला चहा पाजून घरी पाठवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. शर्यतीला एफएमएससीआयचं, म्हणजे मोटरस्पोर्टच्या देशातल्या संघटनेचं, लायसन लागतं, त्यासाठी डॉक्टरचा दाखला. गाडीला आत पिंजरा (उलटली तर डोकं वाचवणारा लोखंडी सांगाडा), बकेट सीट, सहा पट्ट्यांचा बेल्ट, वीज तोडणारा कट-ऑफ स्विच, फायर एक्स्टिंग्विशर. तुम्हाला अग्निरोधक सूट आणि बरं हेल्मेट. स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, यातलं एक नसलं तरी परत पाठवतात, आणि नियमांचं पुस्तक दरवर्षी बदलतं, म्हणून चालू वर्षाचंच बघा. पिंजरा बसवला की गाडी रस्त्यावरून चालवणं कायद्यात बसत नाही, मग ट्रकवर चढवून न्यायची, आणि खर्चाचा खरा आकडा तिथे कळतो. म्हणून पहिलं वर्ष फक्त ट्रॅक डे. कोइमतूर किंवा चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, तिथला ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा. जमलं तर तिथल्या रेसिंग स्कूलमध्ये आधी त्यांची गाडी चालवा, आपली नव्हे. साध्या विम्यात शर्यत बसत नाही. आणि स्टॉर्मची पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपली असणार, तारकर्लीला न्यायच्या आधी तिचं नूतनीकरणही करून घ्या.

एक राहिलं. दर पाच-सहा जोरदार फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेकला हात न लावता, सावकाश मारायची असते, गार व्हायला. ती मी त्या दिवशी मारली नव्हती. तिथल्या माणसाने सकाळी सांगितलंही होतं. आणि सहाव्या फेरीत पेडल मऊ लागलं तेव्हाच आत यायला हवं होतं, हेही खरं. पण त्याने बाटलीतलं पाणी कमी होत नाही.

स्टॉर्मचा फोटो टाका. वरून नको, खालून काढलेला.