अंगठे मोजून ठराव होत नाही

क्रिप्टोवर लिहिणाऱ्याला एकच प्रश्न ठरलेला असतो, "आता कुठलं कॉइन घेऊ?" या वेळचे प्रश्न मात्र वेगळे निघाले. पैसे लावणाऱ्यांचे कमी, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात अशा प्रकल्पांसाठी फुकट राबणाऱ्यांचे जास्त.

आम्ही राजारामपुरीतली साठेक मुलं-मुली एका ब्लॉकचेनची (नाण्यांच्या व्यवहारांच्या सामायिक नोंदसाखळीची) माहिती मराठीत आणतो, कॉलेजांत कार्यशाळा घेतो. मूळ प्रकल्पाकडून थोडी नाणी निधी म्हणून मिळालीत. टेलिग्रामवर कुणीही काहीही मांडतं, अंगठे मोजून पैसे दिले जातात. आता भांडणं लागलीत. मतदानाची पद्धत कुठून सुरू करू? (राजारामपुरी)

मतदानापासून नको, कागदापासून करा. "पुढच्या महिन्यात कार्यशाळा घेऊया, दहाएक हजार लागतील" या ओळीला तीस अंगठे आले असं समजा. त्या तिसांनी नेमकं काय मान्य केलं? कुठे, कुणी, चहापाणी धरून की सोडून, उरलं तर काय? प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी कार्यशाळा असते. भांडण अंगठ्यांचं नसतं, न लिहिलेल्या गोष्टींचं असतं.

तेच असं लिहा: "ठराव क्र. ७. शिवाजी पेठेतल्या हॉलमध्ये दोन रविवारी कार्यशाळा. हॉलभाडे ३,०००, छपाई १,५००, चहा-पोहे २,०००, एकूण ६,५०० रुपये, पैसे देण्याच्या दिवशीच्या दराने नाण्यांत. बिलं पंधरा दिवसांत, शिल्लक निधीत परत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक आणि ढमुक." यातला 'त्या दिवशीच्या दराने' हा तुकडा गाळू नका. ठराव मांडल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत नाण्याचा भाव कुठेही जातो, आणि मग हॉलवाल्याला काय सांगायचं यावरून दुसरं भांडण उभं राहतं.

बिटकॉइनमध्ये सुधारणा सुचवण्याची लेखी पद्धत २०११ पासून आहे. तिचा पहिला दस्तऐवज 'सूचना कशी मांडावी' याविषयीच आहे, आणि तो साचा पायथॉन या संगणकभाषेच्या मंडळींकडून घेतलेला. आधी खुली चर्चा, मग मसुदा, मग क्रमांक. क्रमांक देणारा संपादक सूचना चांगली की वाईट हे ठरवत नाही. कागद नीट भरलाय का, एवढंच पाहतो. तुमच्यातही असा एक चिटणीस नेमा आणि त्याला मत द्यायला लावू नका, फक्त क्रमांक द्यायला लावा.

चर्चेला सात दिवस द्या. सातव्या रात्री मजकूर गोठवा. पुढचे पाच दिवस मतदान, आणि त्या काळात उपसूचना बंद. कुणाला चौथ्या दिवशी "भाडं चार हजार करा" असं सुचलं तर ठराव मागे घ्यायचा आणि नवा क्रमांक घेऊन यायचं. हे जाचक वाटेल. पण अर्ध्यांनी जुना मजकूर वाचून मत दिलं आणि अर्ध्यांनी नवा, तर निकाल कुठल्या ठरावाचा म्हणणार?

डॅश या नाण्याच्या व्यवस्थेत निधी मागायचा तर परत न मिळणारी फी भरावी लागते, म्हणजे कुणी उगाच ठराव टाकत नाही. आधी ती ५ डॅश होती, पुढे १ वर आणली. तुम्हाला फीची गरज नाही, सूचकासोबत दोन अनुमोदकांची सही पुरे. आणि चहाच्या बिलावर साठ जणांची मतं घेऊ नका. दोन हजारांखालचा खर्च तिघांच्या समितीवर सोडून द्या.

आमच्या गटातल्या दोघांकडे बाकी सगळ्यांच्या मिळून होतील त्याहून जास्त नाणी आहेत. त्यांचं म्हणणं, एक नाणं एक मत. आम्ही म्हणतो, एक माणूस एक मत. बरोबर कोण? (इचलकरंजी)

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातून यावा हे मला भारी वाटलं. आपण सहकारात वाढलेली माणसं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाकडे शेअर कितीही असोत, मत एकच.

नाण्यांच्या जगात उलटी रीत पडली ती केवळ हावरेपणातून नव्हे. तिथे मतदार यादीच नाही. वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं डिजिटल खातं, म्हणजे माणूस नव्हे. एकटा माणूस दुपारभरात पाचशे वॉलेट उघडून पाचशे मतं टाकू शकतो. म्हणून माणसं मोजायची सोडून नाणी मोजली जातात. मधला मार्ग म्हणून वर्गमुळाची पद्धत सांगतात: शंभर नाण्यांना दहा मतं. पण तीच शंभर नाणी शंभर वॉलेटांत वाटली की पुन्हा शंभर मतं होतात. म्हणजे यादी तिथेही लागतेच.

तुमच्याकडे ती होऊ शकते, कारण तुम्ही एकमेकांना तोंडाने ओळखता. तीन महिने काम केलेल्यांची कच्ची यादी लावा, हरकती घ्या, पक्की करा, आणि निधीच्या बाबतीत एक माणूस एक मत ठेवा. त्या दोघांना सांगा, नाण्यांचं वजन मूळ साखळीच्या मतदानात वापरा, इथे नको.

यादीची तारीख मात्र ठराव येण्याआधीची हवी. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक नावाच्या प्रकल्पात काय झालं बघा. हल्लेखोराने आदल्या दिवशी दोन ठराव टाकून ठेवले. त्यातला एक युक्रेनला देणगी द्यायचा, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही असा. तिथल्या तातडीच्या नियमानुसार दोनतृतीयांश मतं असली की एका दिवसाने ठराव लगेच अमलात येई. दुसऱ्या दिवशी त्याने एकाच व्यवहारात प्रचंड कर्ज उचललं, त्यातून मताधिकार मिळवला, ठराव मंजूर केला, तिजोरी रिकामी केली आणि कर्ज फेडलं. प्रकल्पाचं नुकसान सुमारे १८ कोटी डॉलर. मतं आदल्या तारखेच्या शिलकीवर मोजली असती, तर त्या उसन्या पैशाला एकही मत मिळालं नसतं.

कोरम कधीच भरत नाही. सभा अर्धा तास तहकूब करून परत घेण्याची आपली पद्धत इथे चालेल का? (गडहिंग्लज)

चालवू नका. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर मूळ सभेला कोणी येत नाही!

कोरमची खरी खोड वेगळीच आहे. साठ सभासद, कोरम वीसचा. बाजूने पंधरा, विरुद्ध चार, एकूण एकोणीस. ठराव पडला. आता आणखी एका विरोधकाने येऊन 'नामंजूर' म्हटलं तर वीस भरतात आणि ठराव मंजूर होतो. म्हणजे विरोधकाने घरी बसावं हेच शहाणपणाचं ठरतं. यावर डॅशवाल्यांचा उपाय सरळ आहे: बाजूच्या मतांतून विरुद्धची वजा करायची आणि उरलेली एकूण मतदारांच्या दहा टक्क्यांहून जास्त भरायला हवीत. साठांत तुम्ही किमान दहा मतं उरण्याची अट ठेवा. वरच्या उदाहरणात अकरा उरतात, मंजूर. विरोधक आला तर दहा होतात, अजून एक आला तर पडला. येण्याला किंमत राहते.

आणि मतदान शनिवार-रविवारी संपवू नका. जुलै २०२४ च्या शेवटच्या रविवारी कंपाउंड प्रकल्पात ४,९९,००० नाणी एका गटाच्या तिजोरीत वळवण्याचा ठराव ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी निघून गेला. नंतर बोंबाबोंब झाली, तडजोडही झाली. पण मतदान चालू असताना झोपलेल्यांना नंतर काय बोलता येतं?

ज्यांना वेळ नाही त्यांनी आपलं मत दुसऱ्याला दिलं तर? (कागल)

गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत दूध संस्था ठराव करून एक नाव पाठवते आणि तो ठरावधारक मत टाकतो. तेच हे. ठराव गोळा करण्याच्या कलेबद्दल कागलकरांना मी काय सांगू? फरक इतकाच की इथे दिलेलं मत तुम्ही कधीही परत घेऊ शकता, मतदान सुरू व्हायच्या आदल्या रात्रीसुद्धा. एकाकडे तिघांपेक्षा जास्त मतं साठू देऊ नका आणि सहा महिन्यांनी सगळी आपोआप रद्द होऊ द्या.

ठराव मंजूर झाला, पण निधीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो पैसे सोडत नाही. काय करावं? (मंगळवार पेठ)

किल्ली एकाकडे होती हीच चूक. पाच जणांकडे पाच किल्ल्या आणि व्यवहाराला तिघांच्या सह्या, अशी सोय असलेलं वॉलेट घ्या. 'दोघांपैकी दोघे' असं कधीही करू नका. आम्ही केलं होतं. गणपती विसर्जनाच्या रात्री आमच्यातल्या एकाच्या खिशातला फोन पंचगंगेत गेला, आणि किल्ली परत मिळवून देणारा बारा शब्दांचा परवलीचा कागद त्याने कुठे लिहूनच ठेवला नव्हता. निधी अजून तिथेच आहे. स्क्रीनवर शिल्लक दिसते, काढता मात्र येत नाही.

मंजुरी आणि पैसे देणं यांत दोन दिवसांचं अंतर ठेवा. त्या दोन दिवसांत फेरमतदान करायचं नाही, फक्त ठरावात लिहिलंय तेच सोडलं जातंय ना हे पाहायचं. सह्या करणाऱ्यांना मत बदलण्याचा अधिकार नाही. सही नाकारायची तर कारण इतिवृत्तात लिहायचं. एवढं स्पष्ट नसलं की किल्लीवाला हळूहळू मालक होतो.

"मग सगळं कोडवरच सोपवू" असं काहीजण म्हणतील. २०१६ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या 'द डाओ' या सामायिक निधीने तेच केलं. माणूस मध्ये जवळजवळ नाही, ठराव आणि पैसा दोन्ही कोडच्या हाती. १७ जून रोजी कोडमधल्या एका फटीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमची नाणी) बाहेर वळवले गेले. मग २० जुलैला साखळीच फोडून पैसे परत आणावे लागले. ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, तेच आजचं इथेरियम क्लासिक. साठ जणांच्या गटाला तीन सह्या आणि एक वही पुरते.

निधीतल्या नाण्यांवर कर लागतो का? (शाहूपुरी)

नाणी विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के, एप्रिल २०२२ पासून. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून हस्तांतरावर ठरावीक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएसही आहे. तुमच्या गटाची नोंदणी नसेल तर हे सगळं ज्याच्या पॅनवर खातं आहे त्या एकट्याच्या माथी येतं, आणि बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याला ते माहीत नसतं. पहिला ठराव मांडायच्या आधी त्याला घेऊन सीएकडे जा. वहीत दर व्यवहारापुढे त्या दिवशीचा रुपयातला दर लिहीत चला.

मतं समसमान पडली तर अध्यक्षाला कास्टिंग व्होट द्यावं का? (उद्यमनगर)

नको. ठराव पडला. पंधरा दिवसांनी नवा क्रमांक घेऊन या.