आवडत्या कलाकाराने निराश केलं तर फॅन असणं सोडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की शाळेपासून ज्या अभिनेत्याला डोक्यावर घेतलं त्याच्याबद्दल असं काही कळलं की आता त्याचं तोंड बघवत नाही, मित्र म्हणतात एवढं काय मनाला लावून घेतेस, तर फॅन असणं सोडावं का आणि सोडायचं तर कसं.

माझं उत्तर: माणसाचं फॅनपण सोडा, बिनधास्त सोडा. पण त्याच्यामुळे ज्या गोष्टीची गोडी लागली ती सोडू नका, आणि त्याला शिव्या घालायची नवीन ड्युटी तर अजिबात लावून घेऊ नका. हे माझ्यावरून गेलंय म्हणून सांगतेय, जरा लांबण लागेल.

मी पुण्यातल्या कोथरूडची. मी ज्याची फॅन होते त्याचं नाव घेणार नाही, अंदाज बांधत बसू नका, पण मराठी नाटकवाला माणूस आहे आणि सिरियलमुळे घराघरात पोचलेला आहे. त्याचं नाटक पुण्यात लागलं की रविवारच्या पेपरातली जाहिरात बघून मी बालगंधर्वच्या बुकिंग खिडकीवर हजर, पुढच्या रांगा मिळाल्या नाहीत तर दिवस खराब. आमच्या कोथरूडच्या यशवंतराव नाट्यगृहात प्रयोग असेल तर घरापासून चालत. मध्यंतरात बालगंधर्वचा वडा खायचा सोडून मी बाहेर लावलेले फोटो बघत उभी राहायचे (वडा सोडून! पुणेकरांना कळेल ही भक्ती कुठल्या लेव्हलची असते). प्रयोग संपला की आत भेटायला जायची आपल्याकडे पद्धतच आहे, मी दर वेळी जायचे, आईला पण न्यायचे. फॅन्सचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता त्याची मी अॅडमिन, म्हणजे कुठे प्रयोग आहे, कुठल्या चॅनेलवर मुलाखत आहे, कोणी वाईट लिहिलंय आणि तिथे जाऊन काय उत्तर द्यायचं, हे सगळं खातं माझ्याकडे. बिनपगारी.

एका नाटकात तो रिटायरमेंटला आलेला एक सरळमार्गी क्लार्क करायचा. शेवटाकडे मुलासमोर उभा राहून म्हणायचा, "माझ्यावर...", आणि मग थांबायचा. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचा, परत लावायचा, आणि मग "विश्वास ठेव." ती मधली जागा मला पाठ होती. अख्खं थिएटर चिडीचूप, कोणाचा मोबाइल वाजला तर लोक माना वळवून असे बघायचे की तो माणूस खुर्चीत विरघळला पाहिजे.

मग एक दिवस यूट्यूबवर व्हिडिओच्या आधी जाहिरात लागली. पैसे लावून रमी खेळायच्या अॅपची. तोच माणूस, तसाच सदरा, तसाच चष्मा, आणि शप्पथ सांगते, तोच पॉज. "माझ्यावर..." चष्मा पुसला. "...विश्वास ठेवा." आणि त्याच्यामागून घोडं उधळल्यासारखी ती सूचना, की या खेळात आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अॅस्कीने २०२० च्या डिसेंबरपासून ही सूचना द्यायला लावली होती, अशा खेळाला कमाईचा मार्ग म्हणून दाखवायचं नाही असंही त्यांच्या नियमांत होतं. पण सूचना ऐकतं कोण, लोक चेहरा बघतात. चेहऱ्याचेच तर पैसे असतात.

तरी मी आधी स्वतःची समजूत घातली. लॉकडाऊनमध्ये थिएटरं बंद होती, मध्ये थोडे दिवस अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, परत बंद झाली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये परत पडदा वर गेला, तोवर नाटकवाल्यांचे काय हाल झाले ते आपण बघितलंय. बॅकस्टेजच्या लोकांना तर किराणा वाटायची वेळ आली होती. तेव्हा नटाने पैशासाठी जाहिरात केली म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. साबण विका, मसाले विका, प्लॉट विका, मला काही नाही.

पण आमच्या सोसायटीच्या खाली किराणा दुकान आहे, तिथे काम करणारा पोरगा, वीसेक वर्षांचा असेल, त्याचा महिन्याचा पगार त्या अॅपमध्ये गेला. मालकाकडे उचल मागत होता तेव्हा मी तिथेच उभी होते. मी म्हटलं अरे कशाला लावलेस, तर म्हणाला, "ताई, तुमचे ते सर आहेत ना त्यात, मग फसवाफसवी कशी असेल?"

तुमचे ते सर. इथे माझं सगळं संपलं.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की मला हे पटलेलं नाही, आणि काय सांगू, माझ्याच ग्रुपमध्ये मला ट्रोल केलं लोकांनी. पोट सगळ्यांना आहे, तू देणार आहेस का त्यांच्या फ्लॅटचे हप्ते, खऱ्या फॅनने पाठीशी उभं राहायचं असतं, वगैरे वगैरे. यातलं हप्त्यांचं मला कळतं, पाठीशी उभं राहण्याचं नाही कळत. पाठीशी कशाच्या? त्या पोराच्या पाठीशी कोण होतं? (२०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती, दोन्हींवर बंदी आणली. त्याच्या आधीही २०२२ पासून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे नियम होतेच, आणि ग्राहक कायद्यात तर जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही दंडाची तरतूद आहे, पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत. पण पोराचा पगार गेला तो गेला.)

आता तुमचे मित्र म्हणतात ना की तो तुला ओळखत पण नाही, मग वाईट कसलं वाटून घेतेस, त्याबद्दल. हे एकतर्फी नातं काही आजचं नाही. १९५६ साली हॉर्टन आणि व्होल या दोन अभ्यासकांनी यावर लेख लिहिला होता, तेव्हा अमेरिकेत टीव्ही नवा नवा होता आणि निवेदक कॅमेऱ्यात बघून असा बोलायचा की घरात बसलेल्याला वाटावं हा माझ्याशीच बोलतोय. त्याला त्यांनी 'पॅरासोशल' म्हटलं, म्हणजे ओळख वाढत जाते पण एकाच बाजूने. गंमत अशी की ही ओळख मुद्दाम घडवलेली असते, तेच तर काम असतं त्या माणसाचं, आणि आता तर रील्समध्ये तो सकाळचा चहा पिताना पण दिसतो. तेव्हा वाईट वाटणं खोटं नाही, आणि तुम्ही बावळट नाही. मित्रांना सांगा, आयपीएल हरल्यावर तुम्ही जेवत नाही तेव्हा आम्ही काही बोलतो का.

पण राग आला म्हणून सगळंच टाकून द्यायचं नाही, यावर आमच्या मामाचं ऐका. नारायण पेठेतला मामा, अझरुद्दीनचा भक्त. कॉलर वर करून फिरायचा, गल्ली क्रिकेटमध्ये मनगटाने फ्लिक मारायला जाऊन दर वेळी बोल्ड. २००० साली मॅच फिक्सिंगचं प्रकरण निघालं आणि डिसेंबरमध्ये बोर्डाने अझरवर आजीवन बंदी घातली, त्या दिवशी मामाने जाहीर केलं की क्रिकेट बंद. पेपरचं शेवटचं पान बंद, टीव्ही बंद. आणि बघा नशीब, मार्च २००१ मध्ये ईडन गार्डन्सची टेस्ट आली. ऑस्ट्रेलिया सलग १६ टेस्ट जिंकून आलेली, आपल्याला फॉलोऑन, आणि मग लक्ष्मण २८१, द्रविड १८०, चौथा दिवस पूर्ण खेळून काढला दोघांनी, एक विकेट नाही! ऑफिसातले सगळे कँटीनच्या टीव्हीसमोर आणि आमचा मामा टेबलावर फायली लावत बसलेला, कारण शपथ घेतली होती ना. पुढे २०१२ मध्ये हायकोर्टाने ती बंदी बेकायदा ठरवली, तेव्हा मामाला फोन केला तर म्हणाला, "ते ठीक आहे गं, पण माझं ईडन गेलं ते कोण परत देणार?"

म्हणून मी नाटक सोडलं नाही. फक्त त्याच्यासाठी जे काम करत होते ते सोडलं. ग्रुपचं अॅडमिनपद दुसऱ्याला दिलं आणि कसलंही भाषण न करता बाहेर पडले, कारण निरोपाचं भाषण केलं की लोक उत्तर देतात, मग आपण उत्तराला उत्तर देतो आणि परत दोन महिने तिथेच. डीपी बदलला, नोटिफिकेशन बंद केली, अनफॉलो केलं. पहिले काही आठवडे हात आपोआप जायचा फोनकडे, खोटं कशाला बोलू. त्याच्याविरुद्ध पोस्टी टाकणारा एक ग्रुपही सापडला मला, चार दिवस वाचून फार बरं वाटलं, मग लक्षात आलं की हे लोक माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच्यावर घालवतायत, तो कुठे जेवला हे पण त्यांना माहिती. तिथूनही निघाले. वाचलेल्या रविवारी भरत नाट्य, सुदर्शन या थिएटरांत जायला लागले, पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेत कॉलेजची पोरं काय एकेक करतात ते बघते. ज्यांची नावं पण माहीत नाहीत अशांची नाटकं बघताना एक बरं असतं, वाईट असेल तर वाईट म्हणता येतं.

तुमच्या अभिनेत्याने नक्की काय केलं ते तुम्ही लिहिलं नाहीये, आणि फरक तिथे पडतो. भिकार सिनेमा केला, तुम्हाला न पटणारं राजकीय मत दिलं, तर चिडा आणि सोडून द्या, तेवढा हक्क त्याला आहे. कोणाला फसवायला चेहरा दिला तर तुम्ही तुमचा वेळ आणि तिकिटाचे पैसे काढून घ्या. आणि कोणा माणसाला खरोखर इजा केली असेल, बाईवर हात टाकला असेल वगैरे, तर मग 'कला वेगळी माणूस वेगळा' हे वाक्य मला तरी तोंडातून काढता येत नाही, तिथे जुनं काम पण बघवलं नाही तर बघू नका. कोणी सक्ती केलीये?

घरातल्या वस्तूंचं काय करायचं असंही विचारलंय तुम्ही. माझ्याकडे शोकेसमध्ये त्याच्याबरोबरचा फ्रेम केलेला फोटो होता, मी, आई आणि मध्ये तो. काढायला गेले तर आई म्हणाली, राहू दे, माझी मोरपंखी पैठणी त्यात काय छान आलीये. तर तो आहे अजून. धूळ पण आईच पुसते.

जुनं नाटक मात्र परत बघितलं, सीडी होती घरात. तो पॉज आला तेव्हा अंगावर काटा आला तो आलाच, काय करणार, चांगलाच करतो तो. आता पुढच्या महिन्यात नवीन नाटक घेऊन यशवंतरावला येतोय म्हणे. मी तिकीट काढलेलं नाही. मैत्रिणीच्या ऑफिसने अख्खी रांग घेतलीये, त्यात एखादी खुर्ची रिकामी राहिली तर जाईन, पण प्रयोगानंतर आत भेटायला थांबणार नाही.