भूल शिरेतून की गॅसची?

प्रश्न: आमच्या लॅब्राडोर मादीचं नसबंदीचं ऑपरेशन आहे. एका डॉक्टरांकडे गॅसचं मशीन आहे, दुसरे शिरेतून भूल देतात. कोणाकडे जावं?

उत्तर: गॅसच्या भुलेची सुरुवातही बहुधा शिरेतूनच होते. प्रोपोफोल देऊन कुत्रा झोपवायचा, श्वासनलिकेत नळी घालायची, मग गॅस. आयसोफ्लुरेन हा भुलेचा गॅस जवळजवळ सगळा श्वासावाटेच बाहेर पडतो, त्यामुळे भूल हवी तशी हलकी-गाढ करता येते. मात्र प्रमाण वाढलं की रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. प्रोपोफोलच चालू ठेवायचं तर सिरिंज पंपातून किलोमागे मिनिटाला साधारण 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम लागतं. त्यात रक्तदाब बहुधा बरा राहतो, श्वास मात्र मंदावतो. घाईने टोचलं तर थांबतोही.

आपल्याकडे ‘शिरेतून’ म्हणजे पुष्कळदा झायलाझिन-केटामाइन ही औषधांची जोडी. छोट्या कामाला ठीक; पुन्हा पुन्हा डोस देऊन तासभर ताणलं, तर कुत्रा उशिरा आणि धडपडत उठतो. मला ते पटत नाही.

म्हणून मशीन आहे का, एवढंच विचारू नका. नळी घालणार का, ऑक्सिजन आहे का, ऑपरेशन चालू असताना भुलेवर नजर कोण ठेवणार, हे विचारा. शिरेतल्या भुलेलाही नळी आणि ऑक्सिजन लागतोच.

प्रश्न: गॅस दिला की दुखत नाही ना?

उत्तर: भुलेत जाणवत नाही, पण आयसोफ्लुरेन काय, प्रोपोफोल काय, दोन्ही वेदनाशामक नाहीत. ते औषध वेगळं, आणि चिरा देण्याआधीच द्यावं.

प्रश्न: आमचा कुत्रा कारवानी जातीचा आहे. त्याला भूल बाधते म्हणतात.

उत्तर: ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्याच्या शरीरातून थायोपेंटाल हे शिरेतून द्यायचं भुलेचं औषध फार सावकाश निघतं, प्रोपोफोलही इतर कुत्र्यांपेक्षा हळू. कारवानी त्याच बांध्याचा, म्हणून लांब ऑपरेशनला मी गॅसच पसंत करते. अंगावर चरबी नसल्याने तो लवकर गार पडतो. पांघरूण सोबत न्या.

प्रश्न: मग शिरेतली भूल हवीच, असं कधी?

उत्तर: श्वासनलिकेत दुर्बीण घालायची असेल तेव्हा. गॅस खोलीत गळतो. मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असेल तरीही प्रोपोफोल बरं.

प्रश्न: शुद्धीवर आला की लगेच घरी न्यावा का?

उत्तर: नको. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत 0.17 टक्के होतं, आणि ऑपरेशननंतरच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे पहिल्या तीन तासांतले. तेवढा वेळ दवाखान्यातच थांबा. पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा असेल तर नळीसुद्धा तो पुरता जागा होईपर्यंत काढू नये.