वेस्ट डर्बीशायर १९४४ शोधताय? आधी जिल्हा लिहा

प्रबंधासाठी इंग्लंडातल्या वेस्ट डर्बीशायर मतदारसंघाच्या १९४४ च्या पोटनिवडणुकीची कात्रणं मागवली आणि हाती आलं लिव्हरपूल, हे तुमचं गाऱ्हाणं वाचून जुनं दुखणं वर आलं.

युद्धकाळातले पंतप्रधान चर्चिल, त्यांचं मोठ्या पक्षांच्या युतीचं सरकार वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडतो. मुद्दा असा की लिव्हरपूलमध्ये 'वेस्ट डर्बी' नावाचा वेगळाच मतदारसंघ आहे. मीही इंग्लंडातल्या एका कार्यालयाकडून (नाव घेत नाही) नकला मागवल्या होत्या. पैसे आगाऊ घेतले आणि जाडजूड पाकीट आलं. उघडलं तर बंदर आणि गोदी कामगारांच्या बातम्या! मेंढ्या-कुरणांचं वेस्ट डर्बीशायर कुठे नि हे कुठे. तक्रार केली तर उत्तर आलं, 'असा मतदारसंघ आमच्या यादीत नाही.' नसणारच, २०१० पासून तो 'डर्बीशायर डेल्स' झालाय! पैसे अर्थातच परत नाहीत. म्हणून अर्जात डर्बीशायर हा जिल्हा, मॅटलॉक-बेकवेल ही तिथली गावं आणि १७ फेब्रुवारी १९४४ ही मतदानाची तारीख ठळक लिहा.

दुसरा घोळ चार्ल्स फ्रेडरिक व्हाइट या नावाचा. बाप-लेक एकाच नावाचे. बाप १९१८ ते १९२३ इथला लिबरल खासदार. लेक १९३८ मध्ये मजूर पक्षातर्फे हरला. युद्धात मोठ्या पक्षांनी एकमेकांच्या जागा न लढवण्याचं ठरवलं होतं, म्हणून १९४४ ला तो पक्ष सोडून उभा राहिला आणि चर्चिल सरकारचा उमेदवार, डेव्हनशायरच्या ड्यूकचा मुलगा लॉर्ड हार्टिंग्टन याला १६,३३६ विरुद्ध ११,७७५ असा पाडला. तिसऱ्याला २३३. यावरून 'चर्चिल नकोसे झाले' असं लिहू नका. माझ्या मते राग चॅट्सवर्थ वाड्याच्या, म्हणजे या ड्यूकच्याच घराण्यावर जास्त होता; जागा त्यांना वडिलोपार्जित वाटायची. अर्थात मी इतिहासकार नाही, तुमचे मार्गदर्शक म्हणतील ते खरं.

टक्केवारीची तुलनाही जपून करा. युद्धाच्या बहुतेक काळात १९३९ चीच मतदारयादी रेटली गेली. स्थलांतरित आणि नव्याने एकवीस वर्षांचे (तेव्हाचं मतदानाचं वय) झालेले तीत कुठून सापडणार?

जाता जाता: नेटवर हार्टिंग्टन टाकलं की नुसते केनेडी येतात, कारण त्याच वर्षी मे महिन्यात त्याने जॉन केनेडींच्या बहिणीशी लग्न केलं. शोधताना व्हाइटचं नाव घाला, सोबत गावाचं. आणि स्थानिक साप्ताहिकं मागवलीत तर पानं कमी दिसतील; कागदावर रेशन होतं, कुणी फाडलेली नाहीत.