मोरी माशाचा (शार्कचा) मऊ कणा खाल्ल्याने गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, भरून येते का?

नाही येत. पण साखर जोडलेली प्रथिनं आणि लिपिडं (स्निग्ध पदार्थ) पेशींबाहेर नेमकं काय करतात, हा तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. मी गोव्यात जीवरसायनशास्त्र शिकवतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आंबट-तिक या गोव्याच्या कालवणासाठी मोरी (तुमच्याकडची मुशी) कापताना कणाही सहज कापला जातो. या माशाला हाडं नसतातच, सांगाडा सगळा कूर्चेचा. कापलेली बाजू पांढुरकी, ओलसर दिसते. आपल्या कूर्चेतही वजनाच्या ६५ ते ८० टक्के पाणीच असतं, आणि ते धरून ठेवतं अ‍ॅग्रेकन नावाचं प्रोटिओग्लायकन, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेलं प्रथिन. त्यात मधे एक लांब प्रथिन आणि त्याला कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या साखरेच्या शंभरेक साखळ्या. प्रत्येक साखळी प्रथिनातल्या सेरीन या अमिनो आम्लाला झायलोज या साखरेने जोडलेली. साखळ्यांवर ऋणभार खच्चून भरलेला, त्यामुळे सोडियम ओढला जातो आणि त्याच्यामागून पाणी. कूर्चा फुगायला बघते, कोलॅजन या चिवट प्रथिनाचं जाळं तिला आवरतं. जिना उतरताना दाब पडला की थोडं पाणी बाहेर, बसलात की परत आत. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, पोषण झिरपतं ते असंच.

असे कितीतरी अ‍ॅग्रेकन हायल्युरोनान या साखर-साखळीच्या एकाच लांब धाग्याला लटकलेले असतात. हा धागा मात्र घरातला वेगळा मुलगा: स्वतःचं प्रथिन नाही, सल्फेट नाही, आणि बाकीच्या साखळ्या पेशीच्या आत गॉल्जी या भागात घडतात तर हा थेट पेशीपटलावर.

ग्लायकोलिपिडं, म्हणजे साखर जोडलेली लिपिडं, पेशींबाहेरच्या आधारकात नसतात, पेशीपटलात रुतलेली असतात. फक्त साखरेचं टोक बाहेर. ए, बी रक्तगट ठरतात ते अशाच टोकांवरून.

आता कणा. त्यातलं प्रथिन पचून अमिनो आम्लं होतात, ती शरीर कुठेही वापरतं. कॉन्ड्रॉइटिन तोडणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाही, त्यामुळे बराचसा वाटा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पदरात पडतो. कूर्चेतल्या पेशी आपल्या साखळ्या ग्लुकोजपासून स्वतःच बनवतात.

सांध्यांसाठी मिळणाऱ्या ग्लुकोसामाइन (एक अमिनो-साखर) आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांचं म्हणाल, तर अमेरिकेत १,५८३ गुडघेदुखीग्रस्तांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. दोन्ही एकूण गटात खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरले नाहीत. दुखणं जास्त असलेल्या छोट्या गटात दोन्ही एकत्र घेतल्यावर थोडा फायदा दिसला, त्यावरून वाद चालू आहेत. तरीही घ्यायच्याच असतील आणि सुंगटांची (कोळंबीची) अ‍ॅलर्जी असेल, तर फार्मसीत डबीवरची बारीक अक्षरं वाचा. ग्लुकोसामाइन बऱ्याचदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात.